पावणेसहाचा संगणक

सोमवार, ४ मार्च

आजपासून नोंद ठेवायची आहे. संगणकदुरुस्तीच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं, "काका, काय केलंत, कुठलं बटण दाबलंत, सगळं लिहून ठेवा. बिघडलं की जो तो म्हणतो, मी तर काहीच केलं नाही." मी आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं. मुद्रितशोधकावर स्वतः लिहायची वेळ सहसा येत नाही, आणि आली तर तो आधी कागदातल्या चुका काढत बसतो. ही डायरी जुन्या सालातली आहे, छापलेले वार जुळत नाहीत. ते खोडून नीट करण्यातच चहा गार झाला.

विषय असा. घरातला संगणक हिचा. ही वीज कंपनीत बिलांच्या खात्यात होती, तिला त्यातलं सगळं कळायचं. मला फक्त तो पद्धतशीर बंद कसा करायचा ते कळतं. ही गेली त्याला वर्ष होऊन गेलं. आता तो एकाच कामाला लागतो, रविवारी संध्याकाळी मोठ्या पडद्यावर बुटकीशी बोलायला. बुटकी म्हणजे आमची लेक. शाळेच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहायची म्हणून बुटकी. आता माझ्याहून चार बोटं उंच आहे, दोन समुद्रांपलीकडे नोकरी करते आणि एकटी राहते. माझी संध्याकाळ असते तेव्हा तिची सकाळ.

गेल्या आठवड्यापासून बोलताना पडद्यावर पिवळी पट्टी येते. पुढच्या महिन्याअखेर हा बोलण्याचा कार्यक्रम संगणकाच्या या जुन्या यंत्रणेवर चालणार नाही, असं ती सांगते. म्हणजे रविवार संपला. माझा फोन साधा, बटणांचा आहे. बुटकी म्हणते चांगला घ्या, पण काडेपेटीएवढ्या पडद्यावर मला तिचं नाकसुद्धा धड दिसणार नाही.

म्हणून आज दुकानात गेलो. शिंपी आणि किल्ल्यावाला यांच्यामध्ये जिन्याखाली चिंचोळी जागा आहे. वर पाटी: 'येथे संगणक दुरूस्ती होते'. 'रु' दीर्घ काढलाय. दुरुस्तीलाच दुरुस्तीची गरज. आत गेलो आणि बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. खाकरलो, पाणी मागितलं. मग लक्षात आलं की कालचा रविवार सोडला तर आठवडाभर मी कोणाशी बोललोच नव्हतो.

बाई चाळिशीच्या, बोलायला चटपटीत, पेचकस केसांत खोवलेला. मी खोक्यावरून उतरवून नेलेली माहिती त्यांनी वाचली. नवी यंत्रणा चालेल म्हणाल्या, पण आधी मदरबोर्डचा बायोस नवा करावा लागेल. मी विचारलं, बायोस म्हणजे काय? त्यांनी थोडा विचार केला. "सकाळी जाग आली की आपण कोण, कुठे आहोत, हे कळायला एक क्षण लागतो ना? मशीनचा तेवढा क्षण म्हणजे बायोस." बायका समजावून सांगायला बसल्या की बरं सांगतात. हीसुद्धा सांगायची, मीच बसायचो नाही.

त्या म्हणाल्या, संगणकाचा डबा इकडे आणा, अर्ध्या तासाचं काम आहे. मी म्हटलं लिफ्ट बंद आहे. लिफ्ट चालू आहे.

मंगळवार, ५ मार्च

काल एक गोष्ट बाईंना सांगितली नाही, इथे लिहून ठेवतो.

आमच्या संगणकात एक बिघाड आहे. तो पहाटे पावणेसहाला आपोआप सुरू होतो. एक बारीक शिट्टी, मग पंख्याची घरघर, मग थोड्या वेळाने 'टुंग' असा आवाज. तो टुंग कसला ते मला माहीत नाही. ही असताना मी अर्धवट झोपेत हे सगळं ऐकायचो आणि वाटायचं की हिने उठून लावला असेल. पहाटे उठून बाहेरच्या खोलीत काहीतरी कुजबुजत काम करत बसायची सवयच होती हिला. ही गेली, पाहुणे गेले, बुटकी परत गेली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच पहाटे शिट्टी वाजली. मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. बाहेर येऊन पाहिलं तर खोलीत कोणी नाही, पडदा उजळलेला.

घाबरलो, हे कबूल. दुसऱ्या दिवशी कमी घाबरलो. आठवड्याने मी शिट्टीच्या आधीच जागा होऊन वाट बघू लागलो. अलीकडे मी बाहेरच्या खोलीतच झोपतो, आतल्या खोलीत हवा खेळत नाही. शिट्टी झाली की पडल्या पडल्या "उठलीस?" म्हणतो. मग उठतो, चहा करतो, चहा झाला की त्याला पद्धतशीर बंद करतो. ही सांगून गेली होती की भिंतीवरचं बटण कधी बंद करायचं नाही. ते मी करत नाही.

बाई दुरुस्तीवाल्या आहेत. बिघाड सांगितला तर त्या तो दुरुस्त करतील. आणि डबा त्यांच्याकडे राहिला तर एक पहाट तशीच जाईल. म्हणून लिफ्ट बंद.

रविवार, १० मार्च

बुटकीला बायोसचं सांगितलं. वाटलं होतं, म्हातारा या वयात एवढं करतोय म्हणून खूश होईल. तिचा चेहरा एकदम पडला. म्हणाली, "बाबा, तुम्ही हात लावू नका. मी आले की करू."

कधी येणार? तर बघते, सुट्टीचं विचारते. मागच्या खेपेसही सुट्टीचंच बघत होती. मी म्हटलं पट्टी तर पुढच्या महिन्याची मुदत देते. ती म्हणाली, होईल काहीतरी, मी फोन करत जाईन. मग मध्येच विचारते, "संगणक सकाळी व्यवस्थित सुरू होतो ना?" मी म्हटलं होतो की, का? काही नाही म्हणाली, आणि हवेवर घसरली.

माझं डोकं फिरलं. बुटकीला वाटतं मी मोडून ठेवीन. शिवाय ते "फोन करत जाईन" मला लागलं. चेहरा बघायची गरज उरली नाही असाच त्याचा अर्थ. कामाच्या माणसाला दर रविवारी सकाळी बापासमोर बसायचं म्हणजे जाच होत असणार, समजू शकतो. पण मला दुसरं काय आहे?

बोलणं अजून हिच्याच खात्यावरून होतं. कोपऱ्यात हिचं नाव येतं. मागे मी बुटकीला म्हटलं होतं की हे बदलायला हवं, माणूस गेलं तरी नाव चालू ठेवणं ही चूक आहे. बघू म्हणाली. त्याचंही बघूच झालं.

ठरलं, बायोस मीच करणार. तिला झाल्यावर सांगीन.

सोमवार, ११ मार्च

बाईंकडे परत. म्हटलं तुम्ही सांगा, मी करतो. त्यांनी हसू दाबलं, पण नीट सांगितलं. मदरबोर्ड बनवणाऱ्यांनी दिलेली फाइल त्यांनी पेन ड्राइव्हवर घालून दिली. डब्याच्या मागे एका खाचेभोवती पांढरी चौकट आहे, पेन ड्राइव्ह तिथेच घालायचा. बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं बटण आहे. संगणक बंद, वीज मात्र चालू. बटण दाबून धरायचं, शेजारचा दिवा लुकलुकायला लागला की सोडायचं, आणि दिवा विझेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड गेला. "गेला म्हणजे?" "गेला म्हणजे गेला, काका. माणसासारखा."

फाइलला कुठलं नाव द्यायचं ते सोबतच्या कागदावर आहे, तेवढं बघून द्या म्हणाल्या. निघताना आणखी एक सांगितलं: बायोस नवा झाला की आतलं सगळं कारखान्यातून आल्यासारखं होतं. कोणी काही खास लावून ठेवलं असेल तर ते पुसलं जातं. आधी बघून ठेवा.

मी म्हटलं माझं काय खास असणार. मला तर त्यातला एक शब्द कळत नाही.

गुरुवार, १४ मार्च

आज मुहूर्त केला. दुपारची वेळ, वीज शक्यतो जात नाही. आधी फाइलचं नाव.

कागद उघडला आणि माझा विश्वास बसेना. एवढी मोठी कंपनी, आणि जे नाव द्यायला सांगतात त्यातच छपाईची चूक. इंग्रजीतल्या 'अपडेट'मधली 'ए' आणि 'टी' ही अक्षरं उलटसुलट पडलेली. अक्षरांची अदलाबदल ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक, अक्षरं जुळवणारा जुळारी घाईत असला की हमखास व्हायची. एका शब्दासाठी कंपनीला कळवत कोण बसणार? मी नाव शुद्ध करून घातलं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी मला आपण कामाचे आहोत असं वाटलं.

पेन ड्राइव्ह चौकटीच्या खाचेत घातला. बटण दाबून धरलं. दिवा तीनदा लुकलुकला आणि जळत राहिला. विझेना. अर्धा तास गुडघ्यांवर बसून राहिलो. शेवटी पेन ड्राइव्ह काढला. संगणक सुरू करून पाहिला, होता तसाच आहे. काही बिघडलं नाही, काही झालंही नाही.

उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. घरात कोणी असतं तर हसलं असतं.

शुक्रवार, १५ मार्च

पुन्हा दोनदा करून पाहिलं. तीच गत. पहाटेची शिट्टी मात्र वाजली, त्यामुळे जीव भांड्यात पडला. बाईंचं दुकान आज बंद होतं.

घरी येऊन जुनी पुस्तकं काढून बसलो. ही आणि मी रात्रीच्या जेवणानंतर छापखान्यातून आणलेली प्रुफं तपासायचो. ही मूळ कागद मोठ्याने वाचायची आणि मी प्रुफावर नजर फिरवायचो. विरामचिन्हांसकट वाचायचं असतं, त्यामुळे ही "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद" असं एका सुरात म्हणत जायची, आणि बुटकीला तेच ऐकत झोप लागायची. गोष्टी सांगितल्या तर जागी राहायची.

हिला आमच्या खुणांपैकी एकच आवडायची. चुकून खोडलेला शब्द परत हवा असला की त्याच्याखाली ठिपके द्यायचे. म्हणजे खोडलं ते विसरा, शब्द आहे तसा राहू द्या. आमचं कडाक्याचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी फ्रिजच्या दारावर कागद दिसायचा. त्यावर माझं नाव, नावावर काट, आणि खाली तीन ठिपके. मग मी बोलायला लागायचो.

आता भांडायलाही कोणी नाही, हे मला फार जाणवतं. शांततेची सवय होते असं लोक सांगतात. मला झालेली नाही.

मंगळवार, १९ मार्च

झालं!

सकाळी बाईंकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "काका, फाइलचं नाव बदललंत का?" मी म्हटलं बदललं नाही, शुद्ध केलं. त्यांनी केसांतला पेचकस काढून टेबलावर ठेवला आणि पोट धरून हसल्या. मीही हसलो, आधी उगाच, मग खरंच. शिंपी डोकावून गेला. बाई म्हणाल्या, मशीनला चुकीचंच नाव शिकवलेलं आहे, बरोबर नाव तिला ओळखीचंच नाही. "चूक आहे, पण तिच्या घरी तीच चालते." मी विचारलं, कंपनी ती सुधारत का नाही? सुधारली तर जुनी सगळी मशीनं बसतील ना अडून, म्हणाल्या.

घरी आलो, 'ए' आणि 'टी' पुन्हा उलटे केले. मुद्दाम चूक करायची कधी सवय नाही. बटण दाबलं. दिवा लुकलुकला, थांबला नाही, लुकलुकत राहिला. मी खुर्ची ओढून भिंतीच्या बटणाला पाठ लावून बसलो, जणू कोणी येऊन ते बंदच करणार होतं. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, समोरच्या गच्चीत कोणी चादर झटकत होतं, आणि इथे एवढं चाललंय हे कोणाला माहीत नव्हतं. मग दिवा विझला.

संगणक सुरू केला. बराच वेळ काळा पडदा. मग नवंच चित्र, मग एक प्रश्न, कुठलंही बटण दाबा असा. दाबलं. सगळं पहिल्यासारखं समोर आलं. मी एकटाच टाळी वाजवली.

आता पुढच्या आठवड्यात बाई येऊन नवी यंत्रणा घालून देणार. बुटकीचं तोंड रविवारी बघण्यासारखं होईल.

बुधवार, २० मार्च

आज शिट्टी झाली नाही.

मी जागाच होतो. खिडकीत उजाडायला लागलं तेव्हा घड्याळ पाहिलं, सहा वाजून गेले होते. वाटलं घड्याळ पुढे असेल. पडून राहिलो. दूधवाला येऊन गेला. उठून डब्याला हात लावला, थंड होता. भिंतीवरचं बटण चालूच आहे.

"उठलीस?" म्हणून पाहिलं. स्वतःचाच आवाज ऐकून कसंतरी झालं.

चहा केला नाही.

दुपारी

कळलं. बाईंनी सांगितलं होतं, कारखान्यातून आल्यासारखं होतं. नव्या मशीनमध्ये बिघाड कसा असेल? बिघाडही पुसला गेला. मी बाईंपासून लपवून ठेवला आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केला.

हाताने सुरू करून पाहावा असं एकदा मनात आलं. पण त्यात काय अर्थ. ही उठायची ती माझ्या बटणाने उठत नव्हती. डब्यावर कापड टाकून ठेवलं.

ही गेली तेव्हा घर भरलेलं होतं, मला धड रडता आलं नव्हतं. आज घर रिकामं आहे.

गुरुवार, २१ मार्च

आजही नाही. आतल्या खोलीत झोपलो होतो तरी कान बाहेरच होते.

सकाळी साडेसातच्या सुमाराला फोन वाजला. गुरुवारी आपल्याला कोण फोन करणार, चुकीचा नंबर असेल म्हणून उचलत नव्हतो. वाजत राहिला तेव्हा उचलला. बुटकी. धापा टाकल्यासारखा आवाज. "बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

मी म्हटलं बरा आहे, मला काय धाड भरलीय. तुझी तर रात्र व्हायला आली असेल. मग म्हणाली, "आई दोन दिवस आली नाही."

मी म्हटलं, काय ते नीट सांग.

तिने सांगितलं ते जमेल तसं लिहितो. पहाटेचं ते सुरू होणं हा बिघाड नव्हताच. हिनेच बायोसमध्ये तसं लावून ठेवलं होतं. रोज पावणेसहाला, म्हणजे बुटकी कामावरून घरी निघायची तेव्हा, ही संगणकासमोर बसून तिच्याशी बोलायची. मी उठायच्या आत. कुजबुजत काम करते असं मला वाटायचं ते हे. दोघी काय बोलायच्या, विचारलं नाही. माझ्याबद्दल असणार थोडंफार.

ही गेल्यावरही संगणक सुरू होत राहिला, आणि सुरू झाला की हिचं खातं आपोआप उघडतं. टुंग म्हणजे तेच. मग तिकडे बुटकीच्या फोनवर 'आई' या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. आई आली, असा.

"मला माहितेय बाबा ते मशीन आहे. पण रोज बसमध्ये बसले की मी तो ठिपका लागायची वाट बघते. मग तासाभराने जातो, तेव्हा समजते की तुमचा चहा झाला."

मी विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं."

तिचं म्हणणं खरं आहे. मेलेल्या माणसाचं नाव हिरव्या ठिपक्यासकट चालू आहे असं कळलं असतं, तर मी त्याच दिवशी दुकानात जाऊन ते काढून आलो असतो. म्हणून बायोसला हात लावू नका म्हणत होती. तिला येऊन स्वतः करायचं होतं, हिने लावलेला तो पहाटेचा गजर परत लावून. आणि मी समजलो तिला माझं तोंड बघायचं नाही.

मग मी माझं सांगितलं. शिट्टीचं, बाहेरच्या खोलीत झोपण्याचं, लिफ्टचं. "उठलीस?" म्हणतो तेही सांगितलं. आपण एवढं बोलू असं मला वाटलं नव्हतं. ती रडत होती, मीही रडलो. फोनवर बरं असतं, तोंड दिसत नाही.

थोड्या वेळाने नाक ओढून म्हणाली, "कापड काढा. आत्ता लावू."

सुरू करता करता एक बटण टकटक दाबत राहायचं, की बायोसचा पडदा येतो. आला. सगळा इंग्रजी, बारीक अक्षरांचा. तिला तिकडून दिसत नव्हतं, म्हणून म्हणाली वाचून दाखवा. फोन कानाशी धरून मी वाचू लागलो, आणि इतकी वर्षं हिच्या तोंडून ऐकलेलं आपोआप जिभेवर आलं. पहिली ओळ मोठं अक्षर, आडवी रेघ, कंस सुरू, 'बंद', कंस पूर्ण, पूर्णविराम. दोन ओळी झाल्या. मी म्हटलं ऐकतेस ना? म्हणाली, "वाचा बाबा. आई असंच वाचायची. मला झोप येईल, पण वाचा."

तीन पडदे वाचून झाल्यावर सापडलं. गजराने जागं होण्याची ओळ, आणि तिच्यापुढे 'बंद'. ते चालू केलं. खाली वेळेची जागा रिकामी होती. मी तिला विचारलं, तुला कुठली वेळ सोयीची? बसमध्ये गर्दी असेल, घरी पोचल्यावरची लावू का?

"नको. आईचीच राहू दे."

पाच पंचेचाळीस घातले. जतन करा का, असं विचारलं त्याने. हो म्हटलं.

शुक्रवार, २२ मार्च

रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही असं वाटलं होतं, पण गाढ झोपलो आणि शिट्टीनेच जाग आली. पंखा घरघरला. "उठलीस?" म्हटलं. टुंग झालं.

रोज मी इथून चहाला वळायचो. पडद्याकडे बघायचो ते फक्त बंद करताना, चष्म्याशिवाय. आज चष्मा लावून हिच्या खुर्चीत बसलो. कोपऱ्यात नावांची छोटी यादी होती, त्यात एकच नाव: बुटकी. हिने तेच लिहून ठेवलं होतं, खरं नाव नाही. आणि त्याच्यापुढे हिरवा ठिपका होता.

म्हणजे रोजच असणार. वर्षभर ती रोज पहाटे इथे येऊन बसत होती, आणि मी चहा पिऊन तिला बंद करत होतो.

आमच्या धंद्यात ठिपके शब्दाखाली देतात. हा बाजूला आहे. मी चूक काढली नाही. चहा इकडेच आणला, रविवारसारखं तिच्या नावावर दाबलं आणि बसची गर्दी कितपत आहे ते तिला विचारलं.